सुकलालचा पक्का रंग

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवत बावीस वर्षं काढलेल्या सुकलालला आळशी म्हणा, खादाड म्हणा, तो हसेल. पण त्याचा रंग उतरतो, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ती हिंमत त्या रविवारी त्याच्या बायकोनं, भागीरथीनं केली.

भागीरथीनं पर्वत पाटिया भागातल्या घरात सहा रेनबो मासे पाळले होते. बोटभर लांबीचे, निळेशार, तांबड्या परांचे आणि स्वतःचीच अंडी गट्टम करणारे मेले! दोनदा तसंच झालं. मग दुकानदार म्हणाला, टाकीत धाग्यांचा झुबका सोडा, अंडी त्याला चिकटतील, मग तो वेगळ्या पाण्यात हलवा. पांढराफटक झुबका सुकलालला काही बघवेना. त्यानं मिलमधून तो झक्क हिरवा रंगवून आणला.

माशांनी त्यात मोहरीहून बारीक अंडी घातली. भागीरथीनं झुबका गॅलरीतल्या निळ्या बादलीत ठेवला आणि तिला देवासारखं जपलं. नवव्या दिवशी बघते तर पाणी हिरवंगार!

"तुमना रंग उतरना! मना आंडा मरी ग्यात!" ती रडायलाच लागली.

"मना रंग? उतरस?" सुकलाल गरजला खरा, पण झुबका उलटसुलट करून पाहू लागला. रंग उतरला असेल तर इभ्रत गेली, आणि बायकोची अंडी त्यानंच मारली.

मिलमध्ये असा वाद पांढऱ्या रुमालानं मिटतो. त्यानं लग्नाकार्यातला धुवट रुमाल काढला, झुबक्याचं एक टोक घासलं. रुमाल पांढराच.

"मंग पाणी कसं हिरवं?" भागीरथीनं विचारलं.

त्यानं रुमाल बादलीत सपाट बुडवला आणि नाक पाण्याला टेकवलं. हिरवं ते उन्हानं धरलेलं शेवाळ होतं. पण रुमालावर दोन काळे ठिपके होते, मागे केसाएवढी शेपटी. त्याला वाटलं, कचरा. कचरा पळाला. दुसरा पळाला. त्यानं अकरापर्यंत मोजले.

"भागी! पिल्लं!"

तो इतका ओरडला की शेजारची सोनाबाई पोळपाट टाकून धावत आली. भागीरथी रडता रडता हसत सुटली. सुकलाल मात्र तसाच ओणवा, पिल्लं दुखावतील म्हणून रुमाल काढायची त्याला हिंमत होईना.

"मंग रंग उतरना का नही?" सोनाबाईनं विचारलं.

"कसाना रंग, बाई!" सुकलाल म्हणाला. "मी आजोबा व्हयनू!"