पानाच्या खालच्या ओळी

पाच वर्षांच्या पोरीचा हेवा करावा, इतकी का मी हलक्या मनाची बाई आहे? पण करते. सरळ सांगते, जळते मी कोफाईवर. माझीच नात, माझ्याच हातचा तळलेला पाव पाक लावून खाते, आणि चिकट बोटांनी पुस्तक घेऊन माझ्या आईच्या खोलीत शिरली की आतून हसण्याचा आवाज येतो. आईच्या हसण्याचा! मी चहा घेऊन आत गेले की आई गप्प.

आईला, म्हणजे अख्ख्या गावाच्या नॅनी तूरुहीराला, नॅनी म्हणजे आजी, हिवाळ्यात मेंदूचा झटका आला आणि तिचं इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, लहानपणीची भाषा तेवढी उरते. तिची लहानपणीची भाषा माओरी. ती मला येत नाही. आईनेच येऊ दिली नाही. शाळेत तोंडातून माओरी शब्द निघाला की तिला छडी बसायची. म्हणून आम्हा भावंडांशी ती जन्मभर इंग्रजीतच बोलली. शेजारणीशी माओरीत गप्पा रंगलेल्या असायच्या, आणि मी दारात दिसले की दोघी झटकन इंग्रजीवर यायच्या. आजही मराएच्या, आमच्या गावच्या सभाघराच्या, अंगणात पाहुण्यांना हाक घालून आत घ्यायची वेळ आली की मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात, बटाटे सोलायला. कुणी माओरीत काही विचारलं तर काय सांगू, कप्पाळ? बटाटे बरे, ते काही विचारत नाहीत.

तर आता आईजवळ इंग्रजी नाही, माझ्याजवळ माओरी नाही. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, केस विंचरते. ती माझ्याकडे बघते आणि ओठ मिटून घेते. कोफाईशी मात्र दुपारभर गुलुगुलु. एकदा तरी माझ्याशी बोल ना गं आई! चुकून बोल, रागावून बोल, कशीही बोल.

म्हणून मी कोफाईची पुस्तकं पळवायला लागले. माओरी बालवाडीतून आणते ती. पानभर चित्र, वर इंग्रजी ओळ, खाली माओरी. जांभळ्या पाणकोंबडीचं पिल्लू लव्हाळ्यात हरवतं आणि त्याची आई हाका मारत हिंडते, एवढीच गोष्ट. भांडी घासताना पुस्तक खिडकीत उभं करायचं, वरच्या ओळीवर फडकं टाकायचं आणि खालची मोठ्याने वाचायची, असं माझं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ पाओरा मेंढ्या कातरून आला की दारातच खो-खो हसायचा.

"सिस, त्या पाणकोंबडीचा गळा का दाबतेस?"

"तू ये ना मग वाचायला. का तुझ्या मेंढ्या शिकवतात तुला माओरी?"

"साठी उलटली तुझी. आता पिल्लांची पुस्तकं?"

"आईचं पिल्लूच आहे मी. चल, बूट बाहेर काढ, लादी पुसलीय."

बूट काढायला गेला तो बराच वेळ आत आला नाही. त्यालाही माओरी येत नाही ना.

शनिवारी मी हिय्या केला. आई खिडकीशी खुर्चीत, कोफाई तिच्या पायाशी. मला बघून आई गप्प झालीच. मी सरळ जमिनीवर फतकल मारली.

"आजी, हे माझं पुस्तक आहे."

"आज माझं. सरक तिकडे."

इंग्रजी ओळीवर पंजा ठेवून वाचायला लागले. दुसऱ्या पानावर अडखळले तर कोफाईने बालवाडीच्या बाईंच्या तोऱ्यात बोट ठेवून पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या पानावर पाणकोंबडी हाक मारते, "होकी माई, ए हिने." परत ये गं पोरी.

ते म्हटलं आणि आईचा हात आला, थेट माझ्या तोंडावर.

घट्ट दाबला तिने. इतका जोर त्या हातात कुठून आला, देव जाणे. ती माझ्याकडे बघतही नव्हती, दाराकडे बघत होती. डोळे भेदरलेले. कुणी येईल, ऐकेल, माझ्या लेकीला छडीने मारेल. मला इतके महिने वाटत होतं, मी अडाणी म्हणून ती बोलत नाही. अगं आई, तू अजून मला वाचवतेयस होय! कोफाई तर बालवाडीतच माओरी शिकते, तिच्यासाठी आईला भय नव्हतं. भय होतं ते माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या बोटांवर आलं तरी हात हलेना.

कोफाई उठली. दार सताड उघडलं, बाहेर डोकावून आली आणि कमरेवर हात ठेवून माओरीत काहीतरी म्हणाली. मग मला इंग्रजीत म्हणाली, "मी नॅनीला सांगितलं, मारणारं कुणी नाहीये. फक्त पाओरा आजोबा आहेत, बूट हातात घेऊन उभे."

आई दाराकडे बघत राहिली. मग हात सैल झाला आणि तोंडावरून गालावर आला. आणि ती बोलायला लागली. हळू, मग भराभर, मध्येच हुंदका, मध्येच हसू, जन्मभराचं साठलेलं सगळं. मला त्यातलं फक्त "ए हिने" कळत होतं. ते पुन्हा पुन्हा येत होतं.

कोफाईने माझी बाही ओढली. "आजी, नॅनी काय म्हणतेय सांगू?"

"गप्प बस," मी म्हटलं. "आई माझ्याशी बोलतेय."