०.४० जीबीचा फरक

फॉरमॅट करण्यापूर्वी ड्राइव्हमध्ये काय काय होतं, ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. फोटो १,२०६. गाणी ८७१. माझ्या एम.एस्सी.च्या नोट्स, प्रश्नपत्रिका आणि प्रोजेक्टच्या फाईली २१४. किरकोळ २७. एकूण २,३१८ फाईली, चार फोल्डरांत. सगळ्यांचा आकार मिळून ७.६२ जीबी. ड्राइव्ह मात्र ८.०२ जीबी भरल्याचं दाखवत होती. फरक ०.४० जीबी.

या फरकाचं कारण मला माहीत होतं. ड्राइव्ह विकत आणली तेव्हापासून फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. त्या पद्धतीत डिस्कवर ठरावीक मापाचे कप्पे असतात आणि फाईल कितीही छोटी असली तरी ती पूर्ण कप्पा अडवते. शेवटच्या कप्प्यात उरलेली जागा फुकट जाते. मी फरकासमोर लिहिलं, ‘कप्प्यांत वाया गेलेली जागा’, आणि खाली रेघ मारली. १८ फेब्रुवारी २००७, रविवार.

हे सगळं मी अण्णांच्या आवाजासाठी करत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. महापालिकेच्या दवाखान्यात तेहेतीस वर्षं कंपाउंडर होते आणि सुटीच्या दिवशी बौद्धाचार्य. महाड-पोलादपूरकडची जी जी कुटुंबं मुंबईतून मीरा रोड-भाईंदरला राहायला आली, त्यांच्या घरच्या लग्नांचे विधी अण्णांनीच लावायचे, असं ठरून गेलेलं. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज. नोव्हेंबर २००६मध्ये कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं, आणि बोलण्यासाठी औषध कंपन्यांची फुकट मिळालेली पॅडं. घरात ती चाळीसेक तरी असतील.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आईला लिहून दाखवलं होतं, ‘आता तू बोल, मी ऐकतो.’

“एकतीस वर्षांनी सुचलं का?” आई म्हणाली होती. तिचं नाव कांता. रडू आलं की ती भांडते.

जानेवारीत माझ्या लक्षात आलं, की अण्णांचा आवाज घरात कुठेच नाही. त्यांनी लावलेल्या लग्नांच्या कॅसेटी आणि सीड्या मी नातेवाइकांकडून मागून आणल्या. अकरा मिळाल्या. अकराही पाहिल्या. अण्णा हात जोडून उभे आहेत, ओठ हलताहेत, आणि वर सिनेमातलं गाणं चालू आहे. शूटिंगवाल्यांची तशी रीतच होती. विधी आला की मूळ आवाज काढून गाणं चढवायचं.

शेवटी भाईंदर वेस्टच्या शूटिंगवाल्या नीरजभाईंकडे एक मूळ टेप निघाली. वासंतीआत्याच्या मुलाच्या लग्नाची, गाणी न चढवलेली.

“बेन, पूरा एक घंटा दो मिनट है, पर एक ही फाईल बनेगी. तेरा जीबी,” नीरजभाई म्हणाले.

घरच्या कॉम्प्युटरवर अकरा जीबी मोकळी होती. बाहेरून जोडायच्या या ड्राइव्हवर सहासष्ट. पण फॅट-३२मध्ये चार जीबीहून मोठी फाईल बसतच नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत बसते. म्हणून मी ड्राइव्हच्या खिडकीतले चारही फोल्डर निवडून कॉम्प्युटरवर उतरवले, फाईली मोजल्या, २,३१८ भरल्या. ड्राइव्ह एनटीएफएसने फॉरमॅट केली, म्हणजे पूर्ण पुसून नव्याने आखली. फाईली परत चढवल्या, पुन्हा मोजल्या, २,३१८. मग दुकानात जाऊन नीरजभाईंची फाईल घेतली. १३.१ जीबी. बसली.

घरी येऊन सुरुवात लावून पाहिली. हॉलचा गोंगाट, आणि त्यातून अण्णा, “ओ, मुलांना जरा खाली बसवा.” पिठाचे हात घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी बंद केलं. पुढचं नंतर, एकटीने पाहायचं ठरवलं.

मार्चमध्ये माझं लग्न ठरलं. मुलगा मीरा रोडचा, नाव रवी. लग्न मे महिन्यात, आमच्या घराजवळ इंद्रलोकमधल्या हॉलमध्ये. विधी कोण लावणार, याची चर्चा आमच्या घरी निघाली.

“धर्माजीकाकांना सांगू या,” आई म्हणाली. “आवाज बारीक आहे, पण पाठ चुकत नाही.”

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. स्वतःच्या छातीवर दोनदा टिचकी मारली.

“तुम्ही? कसे हो? पॅड घेऊन उभे राहणार? नवरा-नवरी वाचत बसतील का?”

अण्णा हसले. त्यांचं हसू आता नुसत्या श्वासाचं असतं. त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. पॅड आधी आईला दाखवलं, मग माझ्याकडे वळवलं.

‘सगळा विधी रेकॉर्ड केलाय. ऑपरेशनआधी १९ दिवस. तेजूच्या ड्राइव्हमध्ये. स्वप्नीलने लपवून ठेवलाय.’

आईने पॅड हातात घेतलं, वाचलं, परत वाचलं. “बघा, बघा हा माणूस,” ती म्हणाली आणि उठून आत गेली. आत भांडी वाजायला लागली.

मी गुणाकार करत होते. तेव्हा करायला हवा होता तो. त्या ड्राइव्हवर कप्पा ३२ केबीचा. दर फाईलमागे सरासरी अर्धा कप्पा वाया जातो, म्हणजे १६ केबी. २,३१८ गुणिले १६. छत्तीस एमबी. फरक होता चारशे दहा एमबीचा.

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, मला आनंदाने बोलता येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी ड्राइव्ह घेऊन जेसल पार्कला स्वप्नीलच्या सायबर कॅफेत गेले. स्वप्नील आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा.

“गुरुजींनी सांगितलं वाटतं शेवटी!” तो म्हणाला. “बारा वाजता यायचे बघ, तू कॉलेजला गेलीस की. ड्राइव्ह पिशवीत, पिशवीवर कोथिंबीर. मी बोललो, गुरुजी, पंचशीलात खोटं बोलायला बंदी आहे ना? तर बोलले, गप्प बसायला नाही.”

“स्वप्नीलदादा, मी फॉरमॅट केलीये.”

“काय?”

“मोठी फाईल बसत नव्हती म्हणून. एनटीएफएस केली.”

“कन्व्हर्ट मारलंस ना? मग राहतं सगळं जागच्या जागी.”

“फॉरमॅट.”

तो उठला आणि बाहेरचा फलक उलटा करून आला. “हिडन केलेलं होतं गं. शेजारची पिंकी येते तुमच्याकडे गेम खेळायला, ती उडवेल म्हणून. खिडकीत दिसलंच नसेल तुला.” मग जरा वेळाने, “अजून कुठे ठेवली नाही कॉपी. गुरुजी नको बोलले. एकच असू दे बोलले.”

गेलेल्या फाईली शोधायचा प्रोग्राम त्याच्याकडे होता. त्याने तो लावला. साडेपाच तास लागले. मधे त्याने दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा मी प्यायले नाही. शेवटी पडद्यावर एकोणीस नावं आली. ‘त्रिशरण’. ‘पंचशील’. ‘वधूवर प्रतिज्ञा १’. ‘वधूवर प्रतिज्ञा २, खोकला आला म्हणून परत’. आठवं नाव होतं ‘तेजश्रीसाठी, शेवटी वाजवणे’.

स्वप्नीलने एकेक उघडून पाहिली. सतरा उघडल्या नाहीत. दोन उघडल्या, त्यांत नुसती खरखर होती. आठवी त्या दोनांतली नव्हती.

“नावं राहिलीत, आतलं गेलं,” तो म्हणाला. “फॉरमॅटने नाही गेलं तसं. त्याच जागेवर नंतर ते तेरा जीबी बसलंय.” मग त्याने विचारलं, “एवढं मोठं टाकलंस तरी काय?”

मी सांगितलं. पैसे विचारले तर त्याने हात हलवला.

घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत होते. खुर्चीशेजारी स्टुलावर पॅड. लहानपणापासून ते मला एकच प्रश्न विचारत आले. शाळेची फी असो, प्रयोगशाळेतलं ॲसिड असो, की वाण्याकडची साखर. मोजून घेतलंस का? दवाखान्यात औषधाची बाटली देतानाही ते पेशंटसमोर रेघा मोजून दाखवायचे.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. कोणत्या तारखेला काय केलं, कोणत्या क्रमाने, स्वप्नीलने काय लावलं, किती नावं आली. अण्णांच्या गळ्यावरच्या रुमालाचं टोक श्वासाबरोबर हलत होतं.

मग त्यांनी पेन्सिल उचलून लिहिलं, ‘मोजलं नव्हतंस?’

“मोजलं होतं, अण्णा.”

मी आतून वही आणून दिली. त्यांनी आकडे वाचले. बेरीज बोटाने वरून खाली पडताळून पाहिली. ‘कप्प्यांत वाया गेलेली जागा’ या शब्दांशी बोट थांबलं. त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. बराच वेळ तिथेच राहिला.

“आठव्या फाईलमध्ये काय होतं?” मी विचारलं.

त्यांनी पॅड ओढलं, दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘बोलायचं होतं ते. लिहायचं नव्हतं.’

आई दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं, ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, “ती वासंतीवन्संकडची टेप आहे ना? लाव ती. पूर्ण लाव. मला ऐकायची आहे.”

आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. एक तास दोन मिनिटं. त्या लग्नाच्या दिवशी लाइट गेले होते, त्यामुळे विधीच्या वेळी जनरेटर चालू होता, आणि शूटिंगवाल्याने कॅमेरा नेमका त्याच्याजवळ उभा केला होता. अण्णा हात जोडून उभे होते, ओठ हलत होते, आणि वर जनरेटर. बाकी वेळ पाहुणे, ताटं, हॉलचे पंखे. मधेच कुठेतरी अण्णा. माइक तपासताना. मुलांना खाली बसवा म्हणताना. वासंतीआत्याला हाक मारताना. जेवून जा म्हणताना.

प्रॅक्टिकलचं स्टॉपवॉच माझ्याकडे होतं. आवाज स्पष्ट आला की अण्णा बोट वर करायचे, मी बटण दाबायचे. बोट खाली आलं की पुन्हा दाबायचे. शेवट झाल्यावर त्यांनी पॅडवर लिहिलं, ‘परत घे.’ एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो.

त्या रविवारपर्यंत आम्ही ती टेप तीनदा मोजली. ४१ सेकंद, ४२ सेकंद, ४१ सेकंद. सरासरी ४१.३.