मितादचा ताप आणि माझा पंखा

मित्रांनो, मी बहिर दार शहरातल्या विद्यापीठाच्या गणित विभागातला एक जुना संगणक आहे. उष्णता आज कुठे आहे आणि उद्या कुठे असेल, हे मी अचूक सांगतो. माझ्या पोटातली उष्णता बाहेर टाकणारा पंखा मात्र धुळीने अडला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. इथे आलो तेव्हा विभागप्रमुख डॉक्टर तेरेफे यांनी, धूळ बसू नये म्हणून, आपली पांढरी शाल मला पांघरली. पावसाळ्याचा गारठा आला आणि शाल परत गेली.

बरीच वर्षं मी प्रश्नपत्रिका छापल्या. मग वोइंशेत ही विद्यार्थिनी आली. तिने पदवीच्या प्रकल्पासाठी मिताद निवडला होता. मिताद म्हणजे इंजेरा, आमची आंबवलेल्या पिठाची भाकरी, भाजायचा विजेवरचा मातीचा रुंद तवा. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेल्यावर तापलेल्या मितादवर किती वेळ भाजता येईल, हे तिला दाखवायचं होतं. तिने उष्णतेचं समीकरण मला घातलं. मी ते सोडवून हलतं चित्र रंगवलं: तापलं ते लाल, निवलं ते निळं.

चित्र देखणं झालं. फक्त वीज जाऊन अख्खा दिवस उलटला, तरी मिताद मधोमध लालभडकच.

"बाई गं, हा मिताद आहे की नरक?" डॉक्टर तेरेफे म्हणाले. "आईला सांग, वीज जोडूच नको. कालच्या तापावर वर्षभर भाज."

"समीकरण बरोबर आहे, डॉक्टर."

"मग नरकच. परवा बाहेरचे परीक्षक येतायत. हे दाखवलंस तर वर्ष गेलं समज."

दोष समीकरणात नव्हताच. प्रत्येक चित्रात जे सर्वांत गरम, त्याला मी लाल रंग देत होतो. मग ते धगधगतं असो की कोमट. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा प्रकार. वोइंशेतला हे उमगलं तेव्हा ती "अरे गाढवा!" म्हणाली. ते मला उद्देशून होतं. मग तिने प्रत्येक तापमानाला कायमचा रंग नेमून दिला, आणि मिताद शहाण्यासारखा निळा पडू लागला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक डॉक्टर लाकेव आले, कॉफीची शेगडी पेटली, चित्र सुरू झालं. लाल नुकता पिवळा होत होता, तोच मी तापून बंद पडलो.

"संपलं?" परीक्षकांनी विचारलं.

वोइंशेतने माझ्या पाठीवर हात ठेवला. "धुळीने तापलाय. पहिल्या कॉफीला उठणार नाही. दुसरीला उठेल."

"हे कोणी सांगितलं?"

"समीकरण तेच आहे, डॉक्टर. फक्त मातीच्या जागी पत्रा."

आमच्याकडे एकाच दाण्यांची कॉफी तीनदा उकळतात आणि तिसरी झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही. पहिली झाल्यावर डॉक्टर तेरेफेंनी माझं बटण दाबलं. मी गप्प.

"आजोबा रुसले," ते म्हणाले. "पोरी, पुढच्या वर्षी ये."

दुसरी झाली. वोइंशेतने बटण दाबलं आणि मी उठलो.

परीक्षक खदाखदा हसले. "पटलं! पास."

"चित्र लावू, डॉक्टर?"

"आता चित्र कशाला? तिसरी कॉफी ओत."

तर मित्रांनो, यंत्राचा पंखा वेळच्या वेळी पुसत जा, एवढीच माझी विनंती. माझा अजून कुणी पुसलेला नाही. ते चित्रही पुढे कुणी पाहिलं नाही. हल्ली माझ्या पाठीवर कॉफीचे पेले ठेवतात. गरम राहतात.