विल्बरची टोपी

आमच्याकडे माणूस पुरला की पाचव्या दिवशी त्याचे सगळे कपडे नदीवर नेऊन धुतात. सगळे म्हणजे अगदी फाटका मोजासुद्धा. एखादा धुवायचा राहिला, तर गेलेला माणूस तो शोधत परत येतो आणि घराभोवतीच घुटमळत राहतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी माझ्या धाकट्या भावाची, विल्बरची, टोपी मी लपवली.

टोपी मीच विणली होती. आमच्या डोंगरात टोप्या पुरुष विणतात, बायका माग चालवतात. लाल लोकर, कानांवर झडपा आणि कडेला हिरव्या पाखरांची रांग. त्यातलं एक पाखरू माझ्याकडून उलटं विणलं गेलं. विल्बर त्यावरून मला छळायचा. म्हणायचा, बाकीची कामाला निघाली आणि हे एक आळशी घराकडे वळलंय, हे तूच दादा.

तो वाय्रामार्काच्या जुन्या अवशेषांवर झाडोरा तोडायच्या कामाला होता. आमच्या गावापासून चार दिवसांची वाट. एका पावसाळ्यात तिथली दगडी बांधाची एक पायरी त्याच्या अंगावर कोसळली. गावातली माणसं त्याला खांद्यावरून घरी घेऊन आली तेव्हा टोपी त्याच्या खिशात होती. मी ती काढून घेतली. पाचव्या दिवशी नदीवर आईने कपडे पाहिले आणि टोपी कुठे म्हणून विचारलं. वर दरडीत गेली असेल, असं माझ्या तोंडून निघून गेलं. एवढंच. एकदा निघून गेलेलं मला मागे घेता आलं नाही.

त्यानंतर सात वर्षं आईला रोज तिन्हीसांजेला अंगणात पावलं ऐकू यायची. कुत्रं मान वर करायचं पण भुंकायचं नाही. ओळखीचं आहे म्हणून भुंकत नाही, असं आई म्हणायची. मला कधी काही ऐकू आलं नाही. माझ्या अंथरुणाखाली फडक्यात गुंडाळलेली टोपी होती आणि मी तिच्यात तोंड खुपसून झोपायचो.

यंदा बटाटे काढून झाले आणि आईने जाहीर केलं, की मी तुझ्याबरोबर वाय्रामार्काला येणार, टोपी शोधून धुणार. मी परदेशी लोकांचं सामान खेचरावर लादून त्याच वाटेने नेतो, तेच माझं काम. मी तिला खिंड सांगितली, दरी सांगितली, तिचे गुडघे सांगितले.

"ते गोरे दोन्ही पाय धड असून काठ्या टेकत जातात," आई म्हणाली. "मी एका काठीवर जाईन. पोराला किती वर्षं भटकायला लावायचं, नेमे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की वाटेत सांगू, पहिल्या मुक्कामाला. टोपी गाठोड्यात तळाशी टाकली आणि निघालो.

या खेपेला बरोबर एक परदेशी नवरा-बायको होते. माझ्या पांढुरक्या खेचराचं नाव ग्रिंगा, म्हणजे गोरी; परदेशी बायकांनाही आम्ही तेच म्हणतो. पहिल्या दिवशी चढावर ते अडून बसलं, तेव्हा मी ओरडलो, की चल ग्रिंगा, नखरे पुरे झाले. पुढे दगडावर टेकलेली ती बाई दचकून उठली आणि भराभरा चालायला लागली. आई पोट धरून हसली. विल्बर गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ते हसू मोडायचं माझ्या जिवावर आलं, आणि पहिला मुक्काम तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी खिंड होती. खिंडीत दगडांची रास आहे. खालून आणलेला दगड प्रत्येकाने तिथे ठेवायचा, म्हणजे शीण तिथेच राहतो. आईने घरच्या नदीतून दोन दगड आणले होते, एक स्वतःचा आणि एक विल्बरचा. शेवटच्या चढाला ती दर दहा पावलांवर थांबत होती, पण दगड काही मला घेऊ देत नव्हती. वर पोचल्यावर तिने कोकाची, आम्ही चघळतो ती, तीन पानं बोटांत धरली, बर्फाच्या शिखराकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली आणि डोंगराकडे पोराची टोपी मागितली. मग तीन पानं माझ्या हातात दिली. तूही माग म्हणाली, तुझं तो ऐकतो, तुझं रोजचं येणंजाणं आहे.

आमच्यात डोंगराशी कुणी खोटं बोलत नाही. बायकोशी बोलतात, पाद्र्याशी तर सर्रास बोलतात, पण डोंगराशी नाही. मी पानांवर फुंकर घातली आणि जी टोपी माझ्याच पाठीवरच्या गाठोड्यात होती ती त्याच्याकडे मागितली. माझी मान आपोआप खांद्यांत गेली. आईला वाटलं थंडीने, आणि तिने आपली शाल माझ्या अंगावर टाकली. मला त्या शालीखाली मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाल्बिनाच्या गावी उतरलो. बाल्बिना विल्बरची धर्ममाता. लहानपणी त्याचं पहिलं जावळ तिनेच कापलं होतं. तिने गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं सूप वाढलं आणि मोठ्या गाडग्यातून मक्याची आंबवलेली चिचा प्यायला दिली. दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी बसून विल्बरच्या खोड्या आठवत राहिल्या. निघताना बाल्बिनाने आईला जपून सांगितलं, की सात पावसाळे झाले, लोकर कुजून माती झाली असेल, फार आस लावून जाऊ नकोस. आई म्हणाली, चिंधी मिळाली तरी धुईन, धागा मिळाला तरी धुईन. बाल्बिना मग माझ्याकडे बघत राहिली. मी खेचराचा पट्टा आवळायला बाहेर गेलो. तो आधीच आवळलेला होता.

चौथ्या दिवशी दरी उतरून नदी ओलांडली आणि दुपारनंतर वाय्रामार्काला पोचलो. ते नवरा-बायको भिंतींचे फोटो काढायला वर गेले. आईने मला ती जागा दाखवायला लावली. कोसळलेली पायरी आता गवताने भरली होती. आई गुडघ्यांवर बसली आणि एकेक दगड उचलून खाली बघायला लागली. मी म्हटलं, राहू दे. तिने ऐकलं नाही. बोटांची सालटी निघाली. एका दगडाखाली लाल मुळं दिसली, तेव्हा तिने घाईने हात घातला, आणि मग ती मुळंच आहेत हे कळल्यावर ती पुढच्या दगडाकडे सरकली.

मला ते बघवेना. तोंड उघडून सांगावं एवढी छाती तरीही झाली नाही. मी भेकडासारखं केलं. गाठोड्यातून टोपी काढली, ती ज्या दिशेने सरकत होती तिकडच्या एका सपाट दगडाखाली सारली आणि लांब जाऊन खेचराजवळ उभा राहिलो.

ती थोड्या वेळाने तिथे पोचली. दगड उचलला. मला वाटलं ती हाक मारेल, रडेल. ती तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो, तर तिने टोपी दोन्ही हातांत धरली होती आणि उलट्या पाखरावरून अंगठा फिरवत होती. टोपी कोरडी होती. लाल रंग तसाच लाल होता. सात पावसाळ्यांचा एक डाग तिच्यावर नव्हता. हे माझ्या डोक्यात आधी आलंच नाही, असा मी मूर्ख.

तिने टोपी नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ हुंगत राहिली.

"हिला तुझा वास येतोय," आई म्हणाली.

मी गवताकडे बघितलं.

"तेव्हापासून तुझ्याजवळ होती?"

"हो."

तिने मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. चार दिवस मी त्याचीच तयारी करत होतो. पोराला तू सात वर्षं अडकवून ठेवलंस, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं.

"पहिल्यांदा हिला त्याचा वास होता?" तिने विचारलं.

"होता. दोन वर्षं होता. मग कमी होत गेला."

"मला एकदा तरी द्यायचीस, नेमे," ती म्हणाली. "एकदाच. मी त्याची आई होते."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि रडलो. ती रडली नाही.

जुन्या लोकांनी दगडात कोरलेला पाट तिथे अजून वाहतो. आईने टोपी त्या पाण्यात बुडवली आणि राखेने चोळून धुतली, झडपा, गोंडा, एकेक पाखरू. पिळताना तिला जोर पुरेना, तेव्हा एक टोक तिने माझ्या हातात दिलं. दोघांनी मिळून पिळली. मग टोपी उन्हातल्या दगडावर वाळत घालून ती विल्बरशी बोलली, की आता काही राहिलं नाही, आता जा, मागे बघू नकोस. घरात बोलावं तसं साध्या आवाजात बोलली.

परतीचे चार दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. खिंडीत तिने माझ्या हातात पानं दिली आणि म्हणाली, आधी डोंगराची माफी माग. मी मागितली. तिची मागायला मात्र जीभ रेटली नाही.

घरी आल्यावर पहिल्या तिन्हीसांजेला ती दारात बसली. कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. विल्बर गेला होता. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं, आणि आई त्या रिकाम्या अंगणाकडे बघत दिवसेंदिवस वाळत चालली. चुलीवरचं अन्न निवायचं, तरी ती उठायची नाही. तिच्याकडे त्याची ती पावलंच उरली होती आणि तीही आम्ही धुऊन टाकली होती.

दहाव्या की अकराव्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. ती वाळलेली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि झडपा कानांवर ओढल्या.

"जरा फाटकापर्यंत जा," ती म्हणाली. "आणि दारापर्यंत चालत ये. हळू ये, त्याला घाई नसायची."

मी फाटकाशी गेलो आणि वळलो. आई माझ्याकडे पाठ आणि चुलीकडे तोंड करून बसली होती. मी पाय जमिनीवर वाजवत अंगण ओलांडलं, विल्बर यायचा तसा, डावा पाय किंचित ओढत. कुत्र्याने मान वर केली आणि भुंकलं नाही. दाराशी पोचलो तेव्हा आईने मागे न बघता ताटलीत बटाटे वाढले.

आता मी रोज येतो.