डावी वहिनीची, उजवी वन्संची

कॉम्प्युटरवाला धंद्यात पुष्कळ खोटं बोलला होता, पण जे खोटं त्याच्या मानगुटीवर बसलं ते जेमतेम दोन स्टिकरांएवढं होतं.

ऑफिस इमारतींचे नकाशे काढायचं. माणसं तीन. दाराजवळ भावजय, खिडकीजवळ नणंद, आणि दोघींच्या मधोमध, सीमेवरच्या चौकीसारखा, एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ असलेला दादा. दोघी पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते दोघींनाही आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचाच राग जास्त होता.

“अहो, वन्संना सांगा, पंखा कमी करा.”

“दादा, वहिनीला सांग, मला ऐकू येतं.”

“तिला ऐकू येतं,” दादा म्हणायचा आणि पुढची रेघ मारायचा.

फायलीही दादाच पेनड्राइव्हवर घालून इकडून तिकडे न्यायचा. दिवसाला चाळीस खेपा. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याने एक खोकं मागवलं: नेटवर्कला जोडायचं, सगळ्यांच्या फायली त्यात, ज्याने त्याने जागेवरून उघडायच्या. कॉम्प्युटरवाल्याने ते कपाटावर ठेवलं, वायर राउटरला लावली, आत दोन डिस्क सरकवल्या आणि सांगितलं की एकीवर जे जातं तेच दुसरीवर जातं. एक मेली तरी दुसरी निभावून नेते.

“यातली माझी कोणती?” नणंदेने विचारलं.

“ताई, दोन्हींवर दोघींचं...”

“दादा, याला सांग, मी शिकलेली आहे. माझी कोणती?”

“अहो, त्यांना सांगा, डावी माझी. ती दाराकडे आहे.”

समजावण्यात पाऊण तास गेला. त्याला अजून दोन ऑफिसं करायची होती. शेवटी त्याने हात टेकले, डावीवर लाल स्टिकर लावला, उजवीवर निळा, आणि म्हणाला, “डावी वहिनींची, उजवी ताईंची. झालं?”

झालं. दोघींना वेगळे फोल्डर दिले, त्यांना वेगळे पासवर्ड. ‘सर्वांसाठी’ नावाचा तिसरा फोल्डरही केला. त्यात कोणी कधी काही ठेवलं नाही. आपली कोणती, असं दादाने विचारलं नाही. त्याला तशी सवय नव्हती.

तीन आठवडे शांततेत गेले, म्हणजे नेहमीच्या भांडणात गेले. त्यातच दवाखान्याचं काम आलं. दोन मजले, चौदा खाटा. तळमजला भावजयीकडे, वरचा नणंदेकडे. शेवटी दादाने दोन्ही जोडायचे. गुरुवारी चारच्या आत नकाशा गेला नाही तर काम दुसऱ्या ऑफिसला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावजयीने अकरा वर्षं गॅरेजं आणि पाण्याच्या टाक्या काढल्या होत्या. माणसं आत येतील अशी ही तिची पहिलीच इमारत. तिने आईला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

गुरुवारी बारा वाजता डाव्या डिस्कचा दिवा लाल झाला.

नणंद आधी हसली. मग तिच्या मनात आलं, हिचा रोग माझीला लागला तर? तिने रीतसर बटण दाबून खोकं बंद केलं, निळ्या स्टिकरची डिस्क ओढून काढली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

कॉम्प्युटरवाला पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते.

“अहो, याला विचारा,” भावजय म्हणाली. आवाज चिरका झाला होता. “माझा दवाखाना गेला का?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “नाही वहिनी. तुमचा दवाखाना ताईंच्या पर्समध्ये आहे.”

नणंदेने पर्सकडे असं पाहिलं, जणू आत उंदीर हलला. “तीन आठवडे? माझ्या डिस्कमध्ये? मला न विचारता?”

“आणि वन्संचा मजला माझ्या डिस्कवर?” भावजयीने विचारलं.

“होता.”

“तरीच मेली.”

“दादा, याला सांग, डिस्क मिळणार नाही. खोटारडा मेला! निळा म्हणजे माझा, असं यानेच सांगितलं.”

“ताई, पर्समध्ये ती नुसती वीट आहे. खोक्यात घातली तरच तुमचाही मजला उघडेल.”

“घालते. आधी तिचं बाहेर काढ.”

“आणि फक्त वरचा मजला पाठवला, तर तो कशावर उभा आहे असं डॉक्टर विचारतील.”

“माझ्या जिवावर,” नणंद म्हणाली. तिने आणखी अर्धा तास पर्स सोडली नाही. तीनला दहा कमी असताना डिस्क टेबलावर आपटायला आली, आणि आत आपलाही मजला आहे हे आठवून अलगद ठेवली.

खोकं एका डिस्कवर कुरकुरत सुरू झालं. कॉम्प्युटरवाल्याने स्वतःच्या पासवर्डने दोन्ही फोल्डर उघडले. दादाने तळमजल्यावर वरचा मजला ठेवला आणि चष्मा पुसला. चष्म्यात दोष नव्हता. खालून निघालेला जिना वळण घेऊन थेट वरच्या संडासात, भांड्याच्या पुढ्यात उगवत होता.

“दादा, वहिनीला सांग, जिना हलव.”

“अहो, वन्संना सांगा, संडास हलवा.”

दादाने माउस सोडला आणि हाताची घडी घातली. पाच वर्षांत पहिल्यांदाच निरोप मधल्या टेबलावर पडून राहिले. तीन वाजून पाच मिनिटं.

भावजय खुर्ची फिरवून थेट नणंदेसमोर झाली. “तीन आठवडे माझा जिना तुमच्या डिस्कवर होता. बघायचा होता!”

“पासवर्ड होता त्याला!”

“तो तुमच्याच हट्टाने लागला.”

“आधी तू लावलास!”

पाच वर्षांचं साठलेलं होतं. पण भांडताना मापं लागतात, म्हणून दोघी स्क्रीनजवळ सरकल्या.

“संडास पलीकडे घेतला तर पाइप लांबतो.”

“लांबू दे. तुमच्या जिभेएवढा नाही लांबणार.”

“चार फूट सरकवते.”

“पाच. पेशंट तिरका जायचा का?”

“पाच. पण तुझ्यासाठी हलवत नाही. पेशंटसाठी.”

“पेशंटला सांगेन.”

तीन छप्पन्नला नकाशा गेला. भावजयीने आईला फोन लावला, आणि ती ‘माझा दवाखाना’ म्हणाली तेव्हा नणंद मोठ्याने खोकली.

मग दोघी कॉम्प्युटरवाल्याकडे वळल्या.

“उद्या आणखी एक खोकं आण,” नणंद म्हणाली. “तिचं तिला, माझं मला.”

“बरोबर,” भावजय म्हणाली, आणि आपलं एकमत झालं हे लक्षात येऊन दोघी दचकल्या.

“आणतो,” तो म्हणाला. “पण प्रत्येक खोक्यात दोन डिस्क असतात.”

दोघींचे डोळे एकदम बारीक झाले. “माझ्या खोक्यातली दुसरी कोणाची?”

त्याचा हात खिशातल्या स्टिकरांकडे गेला आणि तिथेच थांबला. मधल्या टेबलावर दादाने हळूच हात वर केला होता.