अंतरपाटामागचा ट्युबा

आप्पाजीअण्णांनी माझ्या नवऱ्याच्या हातात झांजा दिल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झांजा! ज्या माणसानं ट्युबा, तो मांडीवर घेऊन फुंकायचा भलामोठा पितळी भोंगा, वाजवून बंगळुरातलं उभं कॉटनपेट हलवलं, त्याला म्हणे, "फत्तेसिंग, तू आता झांजा धर. ट्युबा परसूला."

परसू म्हणजे अण्णांचा भाचा. नुकती मिशी फुटलेली, छाती मात्र दरवाजाएवढी. पोरगा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? पण बँड अण्णांचा असला तरी ट्युबा माझ्या नवऱ्याचा होता.

झालं होतं असं. त्या साली, एकसष्टमध्ये, पावसाळ्यात ह्यांना न्यूमोनिया झाला. बरे होऊन उभे राहिले, पण ट्युबाचा खालचा सूर काही लागेना. नुसतं फुस्स. एका वरातीत मुलीकडचे लोक फिदीफिदी हसले. अण्णांनी तिथंच निकाल लावला, "फत्तेचा श्वास गेला." हे काही बोलले नाहीत. हे कधीच बोलत नाहीत, आमच्या घरातलं बोलायचं खातं माझ्याकडे आहे. पण ताटातला मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, अर्धा ठेवून उठायला लागले, तेव्हा मी पदर खोचला आणि अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अण्णा, दोष ट्युबाचा आहे. खटके झिजलेत, हवा गळते."

"तानू," अण्णा म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!" तालमीला जमलेला सगळा बँड खो खो हसला.

"वाकडंच आहे अंगण! मापून बघा की!"

मी काही हवेत बोलत नव्हते. ह्यांनी घरी मला दाखवलं होतं. खटका न दाबता त्याची नळी ओढायची आणि मग खटका दाबायचा. आतला पिस्टन घट्ट असला तर बाटलीचं बूच उडावं तसा टप् आवाज येतो. आमच्या ट्युबाचा एकही खटका टप् म्हणत नव्हता. मेलेला होता मेला!

जुना ट्युबा बदलायचा हे अण्णांच्याही मनात होतंच. पारखायला दोन आणवले होते. एक बळेपेटेतल्या दुकानातून, नवा कोरा, त्यात तोंड बघून कुंकू लावावं असा. दुसरा पलटणीच्या लिलावातला, कळा गेलेला, ठिकठिकाणी पोचे. अण्णा नव्यावरून असा हात फिरवत होते की जावई आलाय जणू. "ट्युबा हाच, आणि वाजवणार परसू. विषय संपला."

"संपला कसा? अण्णा, तुम्ही डोळ्यांनी ऐकता!" मी म्हणाले. "चकाकी बघता आणि छाती बघता. मध्ये पडदा धरू. मग सांगा कुठला ट्युबा आणि कुणाचा श्वास."

घरी जाऊन ट्रंकेतून आमच्या लग्नातला अंतरपाट घेऊन आले. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं मी धरलं. पलीकडे हे, परसू आणि तिन्ही ट्युबा. अलीकडे अण्णा आणि सगळा बँड.

"परसूनं ह्यांना हरवलं तर हे झांजा धरतील आणि मी तुमच्या दारात पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तू? तोंड उघडणार नाहीस?" अण्णा खुशीत आले. "सरी! ठरलं! पण वाजवणं होईपर्यंतही चकार शब्द काढायचा नाही."

अय्यो, ती शिक्षा माझी मलाच ठाऊक!

आधी जुना ट्युबा. परसूनं फुंकला. खालच्या सुराला फुस्स. अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा फत्ते! ऐका, कसा दम तुटतो बिचाऱ्याचा." मला दोन्ही बाजू दिसत होत्या. परसूचं तोंड लालबुंद झालं होतं आणि मी ओठ चावून उभी होते. मग ह्यांनी तोच वाजवला. तेच फुस्स. अण्णा जरा घुटमळले.

मग परसूनं नवा घेतला. आवाज काय गोड! अण्णा डोलायला लागले. तेवढ्यात शिवाप्पानं क्लॅरिनेटवर सूर दिला आणि सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. नव्या ट्युबाचा सूर क्लॅरिनेटच्या खाली पडत होता. परसूनं सुराची नळी पार आत ढकलली, तरी वर येईना. आमची सगळी वाद्यं गोऱ्यांच्या जुन्या पलटणीतली, चढ्या सुराची, आणि हा नव्या मापाचा. एकटा वाजला की राजा, पंगतीत बसला की उपरा.

"स्वल्प जमत नाही," अण्णा पुटपुटले.

राहिला तो पोचे पडलेला. परसूनं वाजवला. सूर क्लॅरिनेटला जाऊन चिकटला, खटके लोण्यासारखे खालीवर. छान वाजवला, मी म्हणते ना, पोरगा वाईट नव्हता.

मग ह्यांनी तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ह्यांना स्वतःलाच खात्री नव्हती हो! खरंच श्वास गेला असेल तर? मला ओरडून सांगायचं होतं, वाजवा! पण शब्द दिलेला. मी नुसती मान हलवली, जोरात.

ह्यांनी श्वास घेतला. खालचा सूर आला तो जमिनीतून आला. खिडकीची तावदानं थरथरली, माझ्या हातातलं कापड थरथरलं. सूर तुटेना, हलेना, आणि त्याच श्वासात हे वरातीच्या चालीत शिरले. परसू ऐकता ऐकता कधी उठला आणि पडद्याला वळसा घालून अण्णांच्या शेजारी येऊन उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

अण्णांचे डोळे मिटलेले. "वा! ह्याला म्हणतात छाती! ह्यासाठीच मी घसा कोरडा करत होतो. हा माझा परसू!"

"मामा," शेजारून परसू म्हणाला, "मी इथं आहे."

अण्णांनी डोळे उघडले. परसूकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. ट्युबा पलीकडे वाजतच होता. मग अण्णा म्हणाले, "तानू, सोड तो पडदा."

मी अंतरपाट सोडला. आता बँडवाल्यांची खोड काय सांगू! आयुष्यभर मांडवात अंतरपाट खाली आला की वाजवायचं, एवढंच ठाऊक. कापड खाली आलं आणि यल्लाप्पाचा हात आपोआप ढोलावर पडला. मागोमाग क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळे! आणि सगळ्यांच्या खाली माझ्या नवऱ्याचा ट्युबा, साऱ्या बँडला खांद्यावर घेऊन. अण्णा त्या गोंगाटात ओरडत होते, "फत्ते, ट्युबा तुझा! हाच घ्यायचा!" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फुंकणं थांबलं नाही.

गल्लीतली दारं धडाधड उघडली. समोरची गंगव्वा पदर सावरत धावत आली. "काय गं तानूअक्का, मुहूर्त नाही, मांडव नाही, कुणाचं लग्न लागलं?"

"माझं!" मी ओरडले. "माझं गं बाई, माझं!"