पडद्यामागची पेटी

मोतीरामने प्लायवुडच्या पेटीचं झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं, मग कडेवरून बोट फिरवत कुठे कुसळ राहिलं नाही ना, ते चाचपलं. बाहेरून बद्रुद्दीनने व्हॅनमध्ये डोकं घातलं.

"भाऊ, बिछाना झाला, शेगडीचा ओटा झाला. ह्या पेटीत काय ठेवता?"

"भांडे," मोतीराम म्हणाला आणि पेटीपुढचा पडदा त्याने ओढून घेतला.

मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला बद्रुद्दीनचं वेल्डिंगचं शेड होतं, शेडला लागूनच घर. शाळेची मुलं नेणारी ही जुनी व्हॅन मोतीरामने विकत घेतली, तेव्हापासून ती इथेच उभी होती. बद्रुद्दीनने आतली बाकं काढली, लोखंडी सांगाडा जोडून झोपायची जागा केली, छताला जाळीची खिडकी पाडली. पेटीला मात्र मोतीरामने त्याला हात लावू दिला नाही. जन्मभर कापसाचे ट्रक चालवलेल्या माणसाला सुतारकाम कुठलं जमायला? फळ्या वाया गेल्या, अंगठा सोलला. तरी तो एकटाच ठोकत बसे.

येणारे-जाणारे थांबून विचारत. म्हातारपणी फिरायची हौस आली म्हणत. मोतीराम हसून मान हलवी.

हौस कसली? खामगावहून एक लग्न आटोपून येताना भरल्या बसमध्ये त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना लघवी धरवली नाही. स्टँड आलं, बस रिकामी झाली, तरी त्या सीटवरून उठेनात. मोतीरामच्या लक्षात आलं. त्याने हातातली पाण्याची बाटली बायकोच्या मांडीवर उपडी केली आणि कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अवं, सांडली ना बाटली!" मग दोघं मागच्या गल्लीने घरी आले. डॉक्टरांच्या औषधाने थोडा फरक पडला, पण अन्नपूर्णाबाईंनी गावाला जाणंच सोडलं. बीबी गावात राहणारी त्यांची थोरली बहीण अंबूबाई अंथरुणाला खिळली होती. "एकडाव तोंड दाखव वं," ती फोनवर म्हणे. "पाहू," एवढंच त्या म्हणत, आणि फोन ठेवून बराच वेळ पदर चाळवत बसत.

गाडीचं मोतीरामनेच काढलं. त्यांनी कधी मागितलं नव्हतं. उलट, "लोकं इचारतीन," म्हणून दोन दिवस त्या त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

बीबीला निघायची सकाळ उजाडली. अन्नपूर्णाबाई शेडमध्ये आल्या त्या थेट पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. शेजारचा टायरवाला गोविंदा चाकात हवा भरायला आला होता. काम झाल्यावर त्याने कुणाला न विचारताच मागचं दार उघडलं, बिछाना दाबून पाहिला, पडदा सारला आणि पेटीचं झाकण उचललं.

"अरे बाप! मोतीरामभाऊ, गाडीत संडास?"

समोरच्या टपरीवर चहा पिणारे उठून आले.

"राजेशाही कारभार हाय!"

"आता काय, बुलढान्यापावतर वास सोडत जासान का?"

मोतीरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काय करतं बे," तो हसत म्हणाला, "बायकायचे नखरे! हिले झाडामागं जानं नको, कोनाचं घर नको. म्हातारपनी सायबीन झाली."

जोराचा हशा झाला. तोही हसला, जरा जास्तच. हसता हसता त्याची नजर पुढच्या सीटकडे गेली. मध्ये एक फळीसुद्धा नव्हती. अन्नपूर्णाबाईंचा अंबाडा तेवढा दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

मग त्या वळल्या.

"हाव," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माहाच हट्ट होता. ह्यायनं लय नाही म्हनलं, मीच आयकलं नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "झाकन लाव गोविंदा. धूळ जाते."

गोविंदाने झाकण लावलं. माणसं पांगली. मोतीराम गाडीच्या मागेच उभा राहिला. आताच हवा भरलेलं चाक त्याने पायाने दाबून पाहिलं, मग दुसरं. बद्रुद्दीन खाली मान घालून केबल गुंडाळत होता.

तेवढ्यात घराच्या दारातून नूरबी बाहेर आली. बद्रुद्दीनची बायको. माहेर चिखलीचं, पण तिला गाडी लागते हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. भावाकडची लग्नं झाली, नामकरणं झाली. दर वेळी बद्रुद्दीन एकटाच जाऊन आला. ती मोतीरामकडे न बघता सरळ पुढच्या खिडकीशी गेली.

"बाई, तुमचा रस्ता चिखलीवरूनच हाय ना?"

"हाव."

"मले नेता का भाईच्या घरापावतर? येताना घेऊन या."

बद्रुद्दीनने मान वर केली. "अवं, तुले तं गाडी लागते ना?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नूरबीने खिडकीतून आत, मागच्या पेटीकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग दार उघडून त्या खाली उतरल्या.

"चाल. मागं बसू दोघी."

बद्रुद्दीन घरात गेला आणि एक उशी घेऊन आला. ती त्याने आपल्या हातांनी बिछान्यावर ठेवली.

मोताळा गाव मागे पडलं तसा मागे पडदा सरकल्याचा आवाज आला. मोतीरामने हात वर नेऊन आतला आरसा छताकडे वळवला. काही वेळाने दोघींचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, मग नूरबीचं हसू.

"अवं," तो समोर बघत म्हणाला, "मघा मी..."

"रस्त्याकडं पाहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "घाट लागला."